एमबीए करायचंय? फी भरण्याआधी मोबाईलवर तपासून घ्या या गोष्टी

पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलं की घरात दोन प्रश्न हमखास येतात. "पुढे काय?" आणि "एमबीए का करत नाहीस?" दुसरा प्रश्न विचारणाऱ्या काकांना एमबीएत काय शिकवतात हे माहीत असतंच असं नाही, पण एमबीएवाल्याला चांगला पगार मिळतो हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. त्यात एकदा गुगलवर 'एमबीए' शोधलं की पुढचे पंधरा दिवस इन्स्टाग्राम, यूट्यूब, सगळीकडे त्याच्याच जाहिराती. मग फोन सुरू होतात. "सर, शेवटच्या तीन सीट उरल्यात, आज टोकन भरलंत तर स्कॉलरशिप मिळेल."

या लेखात मी टॉप टेन कॉलेजांची यादी देणार नाहीये. तशा याद्या ढिगाने आहेत, आणि त्यातली कोणती यादी आणि कोणती जाहिरात हे ओळखणं कठीण झालंय. मला सांगायचंय ते वेगळं. एखाद्या एमबीएवर दोन वर्षं आणि काही लाख रुपये घालवायचे की नाही, हे ठरवायला लागणारी बरीचशी माहिती सरकारी वेबसाइटवर फुकट उपलब्ध आहे. ती कुठे असते आणि कशी वाचायची, ते बघू.

एमबीए म्हणजे काय, थोडक्यात

एमबीए म्हणजे मास्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी. जगातला पहिला एमबीए कोर्स १९०८ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला सुरू झाला. आपल्याकडे हा साधारण दोन वर्षांचा, चार सेमिस्टरचा कोर्स असतो. पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखंच: अकाउंट्स, मार्केटिंग, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, ऑपरेशन्स, माणसं सांभाळण्याचं शास्त्र. मग साधारण दोन महिन्यांची समर इंटर्नशिप. दुसऱ्या वर्षी फायनान्स, मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स, बिझनेस ॲनालिटिक्स यांपैकी एक स्पेशलायझेशन.

कोणत्याही शाखेचा पदवीधर एमबीए करू शकतो. पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. इंजिनिअरपासून बीए मराठीपर्यंत सगळे एकाच वर्गात बसतात, आणि माझ्या मते या कोर्सची खरी मजा तीच आहे. मुंबई विद्यापीठात याच अभ्यासक्रमाला एमएमएस म्हणतात, त्यामुळे नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

आधी बघा: प्रमाणपत्रावर नाव कोणाचं?

'एमबीए' ही तीन अक्षरं जाहिरातीत कोणीही छापतो, पण पदवी देण्याचा अधिकार सगळ्यांना नसतो. यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी फक्त तीन प्रकारच्या संस्था देऊ शकतात: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत म्हणजे डीम्ड विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बस. बाकीचं सगळं डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट.

आता तुम्ही विचाराल, मग पीजीडीएम काय आहे? ते याच कलमातून आलंय. जी संस्था कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नाही, तिला पदवी देता येत नाही. म्हणून ती एआयसीटीईची मान्यता घेऊन पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा देते. गंमत म्हणजे अहमदाबाद आणि कोलकात्याची आयआयएम १९६१ पासून आहेत, पण कित्येक दशकं त्यांनीही डिप्लोमाच दिला! २०१७ चा आयआयएम कायदा जानेवारी २०१८ अखेर लागू झाला, तेव्हा कुठे त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. जमशेदपूरचं एक्सएलआरआय किंवा मुंबईचं एसपीजेआयएमआर या नावाजलेल्या संस्था आजही पीजीडीएम देतात आणि कंपन्या तिथे रांग लावतात. म्हणजे डिप्लोमा आहे म्हणून कमी दर्जाचा, हे डोक्यातून काढून टाका. पुढे पीएचडी करायची असेल, प्राध्यापक व्हायचं असेल किंवा सरकारी भरतीत उतरायचं असेल, तर मात्र त्या पीजीडीएमला एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे का, हे प्रवेशाआधीच बघा.

खरा धोका तिसऱ्या गटात आहे. माझ्या ओळखीतली सोलापूरची एक मुलगी. नोकरी सांभाळून तिने एका कंपनीकडून ऑनलाइन 'एक्झिक्युटिव्ह एमबीए' केलं. दीड लाखाच्या आसपास खर्च. पुढे एका भरतीत कागदपत्रं तपासताना तिला विचारलं, "विद्यापीठ कोणतं?" प्रमाणपत्रावर विद्यापीठच नव्हतं, कंपनीचं नाव होतं. शिकवलेलं वाईट नव्हतं असं ती आजही सांगते, पण अर्जातल्या 'पदव्युत्तर पदवी' या रकान्यात ते चाललं नाही. असे प्रकार इतके वाढले की एप्रिल २०२४ मध्ये यूजीसीने जाहीर सूचना काढून 'दहा दिवसांत एमबीए' सारख्या कोर्सेसपासून सावध राहायला सांगितलं.

तपासायचं कसं? सोपं आहे. समोरच्याला विचारा, "प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येईल?" उत्तर लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालेल. मग ते नाव यूजीसीच्या वेबसाइटवरच्या विद्यापीठांच्या यादीत शोधा. तिथेच बनावट विद्यापीठांचीही यादी असते, तीही चाळा. पीजीडीएम असेल तर एआयसीटीईच्या वेबसाइटवर त्या वर्षाच्या मान्यताप्राप्त संस्थांमध्ये कॉलेजचं आणि कोर्सचं, दोन्ही नावं दिसली पाहिजेत. कॉलेज आहे पण तो कोर्स नाही, असंही होतं.

ऑनलाइन आणि दूरस्थ एमबीए

नोकरी सोडता येत नसेल तर हा पर्याय चांगला आहे, आणि कायद्यानेही भक्कम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, शिवाय अनेक खासगी विद्यापीठं आहेत.

यात 'मान्यताप्राप्त' हा शब्द महत्त्वाचा. विद्यापीठ खरं असलं तरी त्याचा ऑनलाइन एमबीए मान्य असेलच असं नाही. त्यासाठी यूजीसीच्या डीईबी, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर जा आणि चालू शैक्षणिक सत्रासाठी त्या विद्यापीठाच्या नावापुढे एमबीए लिहिलंय का ते बघा. ही मान्यता सत्रानुसार असते, दादाने तीन वर्षांपूर्वी केलं म्हणून तुम्हालाही चालेल असं गृहीत धरू नका.

आणखी एक खूण आहे. आता या कोर्सेसना प्रवेश घेताना डीईबी आयडी लागतो. आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे तुमच्या शैक्षणिक क्रेडिट्सच्या खात्याचा नंबर काढायचा आणि तो वापरून डीईबीच्या पोर्टलवर आयडी तयार करायचा. दहा मिनिटांचं काम आहे, स्वतःच करा. जो एजंट म्हणतो "आमच्याकडे याची गरज नाही", त्याला तिथेच नमस्कार करा.

तुम्हाला फोन करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा माणूस नसतो, एखाद्या एडटेक प्लॅटफॉर्मचा किंवा एजन्सीचा असतो, हेही लक्षात ठेवा. तो विकायला बसलाय, त्याला टार्गेट आहे. फी भरताना ती थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते का, तेवढं बघा.

प्रवेश परीक्षा आणि पर्सेंटाइलचा घोळ

आयआयएम आणि इतर बऱ्याच संस्थांसाठी कॅट असते, साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. दोन तास, तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, बहुपर्यायी प्रश्नात चुकलं तर १ गुण वजा. एक्सएलआरआयची झॅट जानेवारीत. सिम्बायोसिसची स्नॅप, एनएमआयएमएसची एनमॅट. आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची एमएएच-एमबीए सीईटी. यात २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद! त्यामुळे कॅटचा अभ्यास झालेला मुलगाही सीईटीत अडखळतो, कारण इथे खोलीपेक्षा वेग लागतो. २०० पैकी ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे असतात, तयारी तिथूनच सुरू करा. आणि शेवटच्या मिनिटात एकही उत्तर कोरं सोडू नका.

आता पर्सेंटाइल. '९० पर्सेंटाइल मिळाले' म्हटलं की घरच्यांना ९० टक्के वाटतात, पेढे येतात. पण पर्सेंटाइल म्हणजे गुण नाहीत, रांगेतली जागा आहे. समजा एक लाख मुलं बसली. तुम्हाला ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० हजार तुमच्या मागे आणि तरीही दहा हजार पुढे. ९९ म्हणजे एक हजार पुढे. ९० आणि ९९ हे आकडे जवळचे दिसतात, पण मध्ये नऊ हजार माणसं उभी आहेत.

परीक्षा अनेक सत्रांत होते, एखाद्या सत्राचा पेपर अवघड निघतो. म्हणून तुमची तुलना आधी तुमच्याच सत्रातल्या मुलांशी होते. "माझ्या मित्राला १२० मार्कांना जास्त पर्सेंटाइल आणि मला १२५ ला कमी, हे कसं?" असा प्रश्न दर वर्षी येतो. त्याचं उत्तर हेच: त्याचा पेपर अवघड होता.

कॅप राउंड: पसंतीक्रम कसा भरायचा

सीईटीनंतर राज्यात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया होते, तिला आपण कॅप म्हणतो. इथे मुलं नको तेवढं डोकं लावतात. "पहिल्या नंबरवर जमनालाल बजाज टाकलं आणि मिळालं नाही तर खालचं पण जाईल का?" नाही जात. कॉम्प्युटर गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे ते पहिलं कॉलेज देतो. वरचं न मिळाल्याने खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. म्हणून यादी 'मिळेल का' या क्रमाने भरू नका, 'हवं आहे का' या क्रमाने भरा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तो प्रवेश गोठतो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. तेव्हा पहिलं नाव विचार करून.

मागच्या वर्षांचे कट-ऑफ सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतात. त्यातले कोड बघून घाबरायचं नाही. सुरुवातीचं 'जी' म्हणजे जनरल, 'एल' म्हणजे लेडीज, मध्ये प्रवर्ग, शेवटी 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे त्याबाहेरची, 'एस' म्हणजे राज्यस्तर. आपल्याला लागू होणारा कोडच वाचा. दुसऱ्याच कोडचा कट-ऑफ बघून आशा लावून बसलेली मुलं दर वर्षी दिसतात.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घात होतो तो जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेअरमुळे. ते वेळेत नसेल तर राखीव जागा हातची जाते आणि खुल्या प्रवर्गात मोजलं जातं. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते सीईटीच्या अभ्यासाबरोबरच काढायला टाका, निकालानंतर नाही. सेतू केंद्रात जूनमध्ये काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे.

कॅपमधून प्रवेश घेण्याचा अजून एक फायदा आहे. महाडीबीटीवरच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या फी सवलतीच्या सरकारी योजना कॅपमधून आलेल्यांसाठी असतात. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की त्या बंद. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, बाजूच्या बाकावर बसलेल्याची अर्धी फी माफ आणि तुमची नाही!

मागितलेली फी खरी आहे का?

राज्यातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यासाठी २०१५ चा कायदा आहे. प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय मंजूर फी असते. कॉलेजने सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून बघा. वर 'डेव्हलपमेंट', 'डोनेशन' म्हणून पावतीशिवाय पैसे मागत असतील तर ती कॅपिटेशन फी झाली, आणि तिला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. अभिमत विद्यापीठांना हे प्राधिकरण लागू नाही, तिथे विद्यापीठाने जाहीर केलेलं फीपत्रकच बघावं लागतं.

प्लेसमेंटचा आकडा कसा वाचायचा

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

बॅनरवर लिहिलेलं असतं: 'हायेस्ट पॅकेज ४५ लाख, ॲव्हरेज ९ लाख'. समजा वर्गात दहाच मुलं आहेत. नऊ जणांना ५ लाखांची नोकरी लागली आणि एकाला ४५ लाखांची. बेरीज ९० लाख, भागिले दहा, सरासरी ९ लाख. बॅनर खोटं बोललेलं नाही. पण ९ लाख वर्गात एकालाही मिळालेले नाहीत! म्हणून सरासरी विचारायची नाही, मध्यक विचारायचा, म्हणजे मीडियन. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो आकडा. इथे तो ५ लाख आहे, आणि तुम्हाला मिळण्याची शक्यता तेवढीच आहे.

कॉलेज मीडियन सांगत नसेल तर? इथे एनआयआरएफ कामाला येतं. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून निघते. लोक फक्त नंबर बघतात आणि पान बंद करतात. पण त्या वेबसाइटवर क्रमवारीतल्या संस्थांनी भरलेल्या माहितीची पीडीएफ असते, आणि क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं तीच पीडीएफ स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवतात. ती उघडा, प्लेसमेंटचा तक्ता शोधा. किती मुलांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती, हे तीन वर्षांचं तिथे एका ओळीत असतं. माहिती कॉलेजनेच भरलेली असते हे खरं, पण सरकारला दिलेला आकडा बॅनरपेक्षा जपून दिलेला असतो. १२० पास आणि ४८ प्लेस असं दिसलं तर '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' मधल्या शेवटच्या शब्दाचा अर्थ लगेच कळतो.

आणि सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नाही. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, व्हेरिएबल सगळं धरलेलं असतं. लिंक्डइनवर त्या कॉलेजचं नाव टाकून दोन वर्षांपूर्वीच्या बॅचची चार-पाच मुलं शोधा, सरळ मेसेज करा. बरीच जणं उत्तर देतात, आणि आपल्याच गावाकडचा निघाला तर फोनवर तासभर बोलतो.

कर्जाचं गणित

समजा १० लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, दर वर्षी पाच-पाच लाख, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. पहिल्या पाच लाखांवर तीन वर्षांचं सरळव्याज दीड लाख, दुसऱ्या पाच लाखांवर दोन वर्षांचं एक लाख. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज साडेबारा लाख झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे साडेसोळा हजार. आता वरचा मीडियन पगार काढा आणि त्यातून पुण्या-मुंबईचं भाडं वजा करून बघा, साडेसोळा हजार निघतात का.

नोकरी सोडून जात असाल तर बुडणारा पगारही धरा. महिना ३० हजार असेल तर दोन वर्षांचे ७ लाख २० हजार. मला विचाराल तर, पदवीनंतर लगेच जाण्यापेक्षा एक-दोन वर्षं काम करून जावं. वर्गात केस स्टडी समजते, मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं, आणि कोणतं स्पेशलायझेशन आवडत नाही हे तरी कळलेलं असतं. मात्र उत्तम सरकारी कॉलेज कमी फीत मिळत असेल तर थांबू नका, ती संधी पुन्हा येईलच असं नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही बघून ठेवा. ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे पसंतीक्रम भरण्याआधी बघा. जुन्या करप्रणालीत राहिलात तर फेडलेल्या व्याजावर वजावटही मिळते, आठ वर्षांपर्यंत.

वाचकांचे दोन प्रश्न

"गणित कच्चं आहे, एमबीए जमेल का?" जमेल. आठवी ते दहावीचं गणित पक्कं करा: टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा. कोर्समध्ये याहून भयंकर काही येत नाही, फायनान्स घेतलंत तरी एक्सेल येणं जास्त कामाचं.

"एका कॉलेजात फी भरली आणि नंतर दुसरीकडे चांगलं मिळालं तर?" प्रवेश रद्द करता येतो. फी परतीच्या तारखा दर वर्षी जाहीर होतात, त्या तारखेच्या आत अर्ज केला तर थोडीशी प्रक्रिया रक्कम कापून बाकी परत मिळायला हवी. अर्ज ईमेलने करा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मूळ मार्कशीट आणि दाखले कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, २०१८ च्या यूजीसीच्या अधिसूचनेत तसं स्पष्ट आहे. पडताळणीसाठी दाखवायचे, झेरॉक्स द्यायची आणि मूळ कागद त्याच दिवशी घेऊन निघायचं.